कागद, मेण आणि पाचशे व्होल्ट

‘वायरलेस सेट नंबर १९’ हा दुसऱ्या महायुद्धातला, रणगाड्यात बसवायचा बिनतारी संच. कॅनडात बनलेल्या त्याच्या अनेक प्रतींवर प्रत्येक बटणाचं नाव दोनदा लिहिलेलं असतं, एकदा इंग्रजीत आणि एकदा रशियनमध्ये. मित्रराष्ट्रांकडून सोव्हिएत सैन्याला जी युद्धसामग्री रवाना होत होती तिच्यात हे संचही होते. कुठल्या भाषेचा शिपाई हा संच उघडेल हे कारखान्याला माहीत नव्हतं, म्हणून दोघांचीही सोय करून ठेवली.

१९४० साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला बहुतेक अवजड सामग्री किनाऱ्यावरच टाकून यावं लागलं. त्यानंतर जे नव्यानं उभं राहिलं त्यातला हा संच, केंब्रिजच्या पाय कंपनीच्या मदतीनं आखलेला. एकाच लोखंडी पेटीत तीन यंत्रं बसवलेली. लांबवर बोलायला २ ते ८ मेगाहर्ट्झचा ‘ए’ सेट. शेजारच्या रणगाड्यांशी बोलायला २३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ‘बी’ सेट. आणि इंजिनाच्या गोंगाटात आतल्याआत एकमेकांचं ऐकू यावं म्हणून इंटरकॉम. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातलं मेइक्तिला घेतलं गेलं तेव्हा २५५व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे होते. ब्रिटिश आणि भारतीय फौजांच्या शर्मनमध्ये नेहमीचा संच हाच.

युद्ध संपलं आणि हे संच भंगाराच्या भावानं बाजारात आले. राष्ट्रकुलातल्या कितीतरी देशांत हौशी रेडिओ ऑपरेटरांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, एका अख्ख्या पिढीनं हवेतला पहिला शब्द अशाच युद्धातून उरलेल्या संचांवरून उच्चारला. ‘ए’ सेटच्या पट्ट्यात ७ मेगाहर्ट्झ येतो, आणि ७ मेगाहर्ट्झ हा भारतातल्या हॅम मंडळींचा आजही सर्वांत गजबजलेला पट्टा. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचा हा संच नीट दुरुस्त केला तर आज त्याच्याशी बोलायला माणसं आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांना हे भाग्य नाही.

माझ्या टेबलावर या संचाचा तिसरा अवतार, मार्क थ्री, आहे. त्याच्या निमित्तानं जे शिकलो आणि इतर जुन्या संचांवर पडताळून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

अशा संचाचं काय करावं याबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, एका बाजूनं सुरुवात करा, सगळे कपॅसिटर आणि सगळे रेझिस्टर उपटून नवे लावा, प्रश्न मिटला. दुसऱ्याचं म्हणणं, एकाही मूळ भागाला हात लावू नका, इतिहास पुसला जातो. माझं मन दोन्हीकडे जात नाही. संच सगळा मिळून एकदम म्हातारा होत नाही. त्यातलं तांबं, काच, अभ्रक आणि चिनी माती ऐंशी वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतात. कागद, मेण, रबर आणि ओला रासायनिक द्रव मात्र आपापल्या गतीनं खचत जातात. तेव्हा आधी कुठला भाग कशाचा बनला आहे ते बघावं, आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवावं.

यातला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे मेण लावलेला कागदी कपॅसिटर. ॲल्युमिनिअमच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये कागद, सगळ्याची घट्ट गुंडाळी, वरून पुठ्ठ्याची नळी आणि टोकांना मेण. त्या काळी यापेक्षा स्वस्त आणि सोयीचं दुसरं काही नव्हतं, म्हणून प्रत्येक संचात हे पसाभर असत. मेण चिरतं, चिरेतून हवेतली ओल आत शिरते आणि कागद सादळतो. त्यात कागदातल्या मूळच्या आम्लाची भर. नवेपणी ज्या कागदाचा अटकाव हजारो मेगओहम होता तो दहा, पाच, कधी एका मेगओहमवर येतो. ज्यानं एकदिश प्रवाह अडवायचा आणि फक्त आवाजाचे लहरते बदल पुढे जाऊ द्यायचे, तोच गळायला लागतो.

पाच मेगओहम ऐकायला भक्कम वाटतात. पण कपॅसिटर कुठे बसला आहे ते बघा. समजा एका व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळीच्या, ॲनोडवर १०० व्होल्ट आहेत आणि तिथून आवाज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे न्यायला हा कपॅसिटर लावला आहे. ग्रिडपासून जमिनीकडे ४ लाख ७० हजार ओहमचा रेझिस्टर. गळती ५ मेगओहमची असेल तर हिशेबानं ग्रिडवर सुमारे साडेआठ व्होल्ट धन दाब येऊन बसतो. ६व्ही६ हा त्या काळचा सर्वांत परिचित आउटपुट व्हॉल्व्ह. २५० व्होल्टवर चालताना त्याच्या ग्रिडला उणे साडेबारा व्होल्ट लागतात. त्यातले साडेआठ गळतीनंच खाल्ले तर लगाम सुटतो, प्रवाह वाढत जातो, ॲनोडचा पत्रा लाल होतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो तो बहुतेकदा यानंच. एका क्षुल्लक कपॅसिटरपायी सहजी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात. म्हणून जुना संच हाती आल्याबरोबर ‘चालतो का बघू’ म्हणत वीज देणं मला अपराधासारखं वाटतं. चालतही असेल पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांची किंमत फार असते.

ही गळती साध्या डिजिटल मीटरवर दिसत नाही. मीटर कपॅसिटर मोजतो तो दोन-तीन व्होल्टवर. गळती उघडी पडते शंभर-दोनशे व्होल्टला. मीटर सांगतो, ०.१ मायक्रोफॅरड, अगदी बरोबर. तोच कपॅसिटर २५० व्होल्टच्या मेगरवर लावला की काटा सत्य बोलतो. घरोघरची वायरिंग तपासायला इलेक्ट्रिशियन जो मेगर वापरतात तोच इथे उपयोगी पडतो. मात्र कपॅसिटर किती व्होल्टचा आहे ते आधी वाचायला हवं. या कागदी कपॅसिटरांच्या बाबतीत मीही पहिल्या तटातलाच आहे. आज तपासणीत तरलेला पुढच्या पावसाळ्यात गळेल. सगळे बदलावेत. त्यांच्या जागी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे, ६३० व्होल्टचे कपॅसिटर बसतात, आकारानं निम्म्याहून लहान आणि एक चहा यावा एवढ्या किमतीत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते मुबलक मिळतात.

इथे एक सापळा आहे. जुन्या दुकानात कधी १९५० च्या सुमाराचे, खोक्यातून न काढलेले, चकचकीत कागदी कपॅसिटर सापडतात. मूळ संचाशी रंगरूप जुळतं म्हणून मोह होतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत न वापरलेला जुना साठा म्हणजे खरोखर घबाड. काचेतली निर्वात पोकळी टिकली असेल तर सत्तर वर्षं झोपलेला व्हॉल्व्ह उठून कामाला लागतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यांची खोकी अजूनही अधूनमधून हाती लागतात. पण कागद वापरानं मरत नाही. तो खोक्यातही सादळतो. न वापरलेला कागदी कपॅसिटर संचातून काढलेल्याइतकाच निकामी असतो.

रंगरूप जपायची खरी रीत वेगळी आहे. जुन्या कपॅसिटरची नळी हेअर ड्रायरनं हलकी गरम करायची, मेण सैल झालं की आतली गुंडाळी ढकलून बाहेर काढायची, त्या पोकळीत नवा फिल्म कपॅसिटर सरकवायचा आणि तेच मेण वितळवून टोकं बंद करायची. पत्र्याच्या डब्यात बंद असलेल्या कपॅसिटरांना जास्त कष्ट पडतात. कडेचा डाख वितळवून झाकण उचलायचं, आतला तेलकट कागद काढायचा, नवं भरून परत डाख लावायचा. जुन्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, तेव्हा हातमोजे घालून, आणि ते कागद घरच्या कचऱ्यात न टाकता. हे काम वेळखाऊ आहे. संध्याकाळ जाते आणि चार-पाच नळ्या होतात. पण झाकण उघडणाऱ्याला १९४३ मधली जोडणी जशीच्या तशी दिसते, हे मला मोलाचं वाटतं. ज्या मुलीनं किंवा मुलानं कॅनडातल्या कारखान्यात त्या तारा वळवल्या, त्यांचा हात त्या वळणांत अजून आहे.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गोष्ट निराळी. त्यातही ॲल्युमिनिअमचा वर्ख असतो, पण अटकाव करणारा थर कागदाचा नसून वर्खावर विजेनंच चढवलेल्या ऑक्साइडचा असतो. साडेचारशे व्होल्टच्या कपॅसिटरमध्येसुद्धा या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. बाजूचा कागद रासायनिक द्रवात भिजलेला. संच वर्षानुवर्षं बंद पडला की ऑक्साइड विरत जातो. रबरी बुचातून द्रव सुकत जातो. साधारण नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून गरम व्हॉल्व्हच्या शेजारी बसलेला आधी जातो.

विरलेला ऑक्साइड परत चढवता येतो. मोठ्या ओहमच्या रेझिस्टरमधून कपॅसिटरला हळूहळू दाब द्यायचा आणि गळतीचा प्रवाह तासागणिक उतरताना पाहायचा. १९६०-७० च्या दशकातल्या भक्कम डब्यांवर हा उपाय लागू पडलेला मी पाहिला आहे. प्रवाह एका पातळीवर अडून बसला आणि डबा कोमट लागला तर मात्र हट्ट सोडावा. सुकलेला द्रव कुठल्याही उपायानं परत येत नाही. युद्धकाळातल्यांवर मी हा वेळ घालवत नाही. जुना डबा शोभेसाठी वरच राहू द्यावा, पण त्याच्या तारा नक्की सोडवाव्यात आणि नवा खाली लपवावा. घाईत पुष्कळजण जुन्याला तसाच ठेवून त्याच्यावर नवा समांतर जोडतात. हम, म्हणजे आवाजामागची घुमघुम, तात्पुरता थांबतो. गळणारा जुना मात्र तिथेच असतो आणि एक दिवस शॉर्ट होऊन रेक्टिफायरला घेऊन जातो.

रेझिस्टरबाबत मी सौम्य आहे. कार्बनचे जुने रेझिस्टर ओल शोषतात आणि त्यांचा ओहम बहुधा वर चढतो; जितका मोठा आकडा तितकी जास्त चढण. पण मूळ आराखडाच वीस टक्क्यांची सूट धरून केलेला असे. त्या सुटीच्या पलीकडे गेलेलेच मी काढतो. त्यांचे रंग वाचायची पद्धत आजच्या पट्ट्यांसारखी नाही. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा रंग दुसरा, अंगावरचा ठिपका म्हणजे पुढची शून्यं. ४ लाख ७० हजार ओहमचा रेझिस्टर घ्या. अंग पिवळं, टोक जांभळं, ठिपका पुन्हा पिवळा. पिवळ्यावर पिवळा ठिपका दिसणार कसा? नवखा माणूस ठिपका उडाला असं समजून गोंधळतो. ठिपका दिसत नसेल तर तो अंगाच्याच रंगाचा धरायचा.

अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कपॅसिटर, कॉइल, ट्रान्सफॉर्मर यांना कारणाशिवाय हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. विशेषतः ऑसिलेटरच्या आसपास. तिथल्या प्रत्येक तारेची लांबी आणि वळण फ्रिक्वेन्सीत भाग घेत असतं. सगळं उपटून नवं लावणारे इथेच फसतात. संच चालू होतो, पण डायलवरचे आकडे खोटे बोलू लागतात. कॉइलच्या आतले स्क्रू तर सगळी दुरुस्ती आटोपेपर्यंत फिरवूच नयेत. आवाज कमी आहे म्हणून ४६५ किलोहर्ट्झचा मधला टप्पा पिळत बसलेले आणि गाभा तोडून बसलेले कितीतरी संच माझ्या पाहण्यात आले. दोष असतो एका गळक्या कपॅसिटरमध्ये, आणि शिक्षा होते कॉइलला.

रबराच्या वेष्टणाच्या तारा हा एक वेगळाच छळ. दिसायला धड, पण बोट लावलं की वेष्टणाचा भुगा होतो. त्या हलवाव्या लागणार असतील तरच बदलाव्यात, एक एक करून, जुनी सोडवली की लगेच नवी जोडत. सगळ्या एकदम कापल्या की नकाशा हाती असूनही रस्ता सापडत नाही.

आपल्याकडच्या हवेचा विचार तर प्रत्येक पावलाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि पॅसिफिकच्या बेटांवर बुरशीनं आणि ओलीनं इतके संच निकामी केले की पुढे पुढे आतल्या सगळ्या भागांवर बुरशीनाशक मिसळलेलं वार्निश फवारायची पद्धत पडली. अशा संचात सोल्डर करायचं तर आधी ते वार्निश खरवडावं लागतं. कोकणातल्या घरात चार पावसाळे काढलेला संच आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तितकाच काळ राहिलेला संच यांची झाकणं उघडून शेजारी ठेवली, तर ते सारख्याच वयाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

या ओलीचा विषय निघाला की मला गोव्याच्या मुक्तिलढ्यातला ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हा भूमिगत रेडिओ आठवतो. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी तो सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून तो डिसेंबर १९६१ पर्यंत, गोवा मुक्त होईपर्यंत, चालवला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करताना पोर्तुगीजांचे जे बिनतारी संच हाती लागले होते, त्यांचंच हे नभोवाणी केंद्र झालं. म्हणजे पोलीस-प्रशासनाच्या आपसातल्या बोलण्यासाठी बनलेले दुतर्फा संच घेऊन, त्यांचे भाग बदलून, एका राज्यसत्तेविरुद्ध बोलणारं एकतर्फा केंद्र उभं राहिलं. आंबोलीचा पाऊस ज्यानं अनुभवला आहे त्याला कळेल, तिथल्या जंगलात व्हॉल्व्हचं यंत्र चालतं ठेवणं काय चीज असेल. कागद, मेण आणि उच्च दाब यांचं हाडवैर त्या पावसात रोज समोर उभं राहत असणार.

आता वीज देण्याचा क्षण. आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकांचा सिरीज बल्ब ही जगातल्या कुठल्याही कार्यशाळेनं उचलावी अशी गोष्ट आहे. संचाच्या वाटेत चाळीस किंवा साठ वॉटचा तारेचा दिवा घालायचा. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि संच वाचतो. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी दिव्याला हा गुण नाही, तारेचाच पाहिजे, आणि तो आता शोधावा लागतो. दिसला तर दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत.

नंबर १९ हा मुळात बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. एक फिरतं यंत्र त्या बारा व्होल्टचे २७५ आणि सुमारे ५०० व्होल्ट करून देत असे. घरी बहुतेक मंडळी मेन्सवर चालणारा सप्लाय बनवतात. पाचशे व्होल्ट जातात प्रसारणाच्या ८०७ या व्हॉल्व्हला, आणि ते जातात त्याच्या डोक्यावरच्या उघड्या टोपीतून, अगदी बोटाच्या वाटेवर. वीज बंद केल्यावरही फिल्टरचा कपॅसिटर हा दाब धरून बसतो. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी पाडून तो उतरवणारे धाडसी असतील, पण त्यात कपॅसिटरचं आणि कधी डोळ्याचं नुकसान होतं. काही हजार ओहमच्या जाड रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटर लावून खात्री करावी. संच चालू असताना एक हात खिशात, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. युद्धकाळातल्या काही मीटरांचे अंधारात चमकणारे काटे रेडियमच्या रंगाचे असतात. चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं. अशा मीटरची काच उघडू नये, आणि घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

पुढच्या पिढीच्या संचांत म्हातारपणाच्या जागा बदलतात. जपानच्या येसू कंपनीचा १९७० च्या सुमाराचा एफटी-१०१ घ्या. बहुतेक भाग ट्रान्झिस्टरचा, पण प्रसारणाचे शेवटचे टप्पे व्हॉल्व्हचे. शेवटचा ६जेएस६ हा मुळात रंगीत टीव्हीच्या पडद्यासाठी बनलेला. व्हॉल्व्हचे टीव्ही गेले आणि हा व्हॉल्व्हही दुर्मीळ झाला. आता पुष्कळजण थोडे बदल करून त्याजागी ६१४६ बसवतात. या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपॅसिटर गळला तर वर सांगितलेला ६व्ही६ चाच प्रकार इथे आणखी जास्त दाबावर घडतो. म्हणून हा संच हाती आला की तो एक कपॅसिटर आधी बदलायचा, बाकी सगळं नंतर.

१९८० च्या दशकात संच संगणकासारखे झाले. आयकॉमच्या आयसी-७५१ मध्ये चालण्याच्या सूचनाच एका स्मृतीच्या चिपमध्ये असतात आणि त्या स्मृतीला एक छोटी लिथिअम बॅटरी जागती ठेवते. बॅटरी मेली की संच आपलं कामच विसरतो. आणखी पुढे, छोट्या चपट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा काळ आला. केनवुडच्या टीएस-८५० सारख्या उत्तम संचांत ते गळतात आणि त्यांचा द्रव सर्किट बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास येतो. तो आला म्हणजे गळती झालीच आहे असं समजावं. माझ्या अनुभवात १९४३ चा संच १९९० च्या संचापेक्षा दुरुस्तीला सोपा. पहिल्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांना सापडतो. दुसऱ्यात भिंग लागतं, आणि खाल्लेली रेष केसाएवढ्या तारेनं सांधावी लागते.

गाण्याच्या रेडिओची दुरुस्ती टेबलावर पूर्ण होते. दुतर्फा संचाची होत नाही. आपला आवाज दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो हे आपल्याला आपल्या टेबलावर कळत नाही. ते समोरचं स्टेशनच सांगतं. त्यासाठी हौशी ऑपरेटरचा परवाना हवा, परीक्षा द्यावी लागते. परवान्याशिवाय ॲण्टेना जोडून बटण दाबू नये, कृत्रिम भार लावून तपासावं. परवाना असेल तर सकाळी ७ मेगाहर्ट्झवर हाक द्यावी. नंबर १९ बोलण्यात जेमतेम दोन-चार वॉट टाकतो आणि तेही जुन्या एएम पद्धतीनं, तर आजचे संच शंभर वॉटचे आणि सिंगल साइडबँडचे. तरीही ऐकणारा थोडा डायल सरकवून आपल्याला पकडतो. संचावर ‘नेट’ अशी सोय आहे, तिनं आपलं प्रसारण समोरच्याच्या फ्रिक्वेन्सीवर नेमकं आणता येतं. रणगाड्यांच्या तुकडीला एका फ्रिक्वेन्सीवर आणायला ती होती, आज तीच कामी येते.

आणि मग समोरचा जे सांगतो त्याइतकं उपयोगी उपकरण माझ्या टेबलावर नाही. आवाजाच्या मागे हम आहे, असं तो म्हणाला तर सप्लायच्या फिल्टरकडे जायचं. शब्द घोगरे आणि चिरलेले येतायत म्हणाला तर आवाजाच्या टप्प्यांतला कुणीतरी अजून गळतो आहे. फ्रिक्वेन्सी सरकते आहे म्हणाला तर ऑसिलेटर तापतो आहे, अर्धा तास संच गरम होऊ द्यावा आणि पुन्हा विचारावं. सत्तरी-ऐंशीतले जुने ऑपरेटर हे नुसत्या कानानं ओळखतात, कारण त्यांनी अशाच संचांवर हयात काढली आहे. त्यांच्यातला एकेक आता हवेवरून कमी होतो आहे. कपॅसिटर बाजारात मिळतो. हा कान मिळत नाही. जुना संच दुरुस्त करण्याची घाई असेल तर ती या एका कारणासाठी असावी असं मला मनापासून वाटतं. ते ऐकायला आहेत तोवर संच बोलता व्हावा, आणि नव्या पोरांनी त्यांचं बोलणं कागदावर उतरवून घ्यावं.

माझ्या मार्क थ्रीचा ‘ए’ सेट आणि इंटरकॉम चालतात. ‘बी’ सेटचे कागदी कपॅसिटरही मी बदलले, पण त्याच्या प्रसारणाच्या व्हॉल्व्हला उच्च दाबाची तार जोडलेली नाही. २३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आपल्याकडे हौशी ऑपरेटरांना दिलेला नाही. ती तार कापली नाही; सोडवून टोकाला नळी चढवली आणि वहीत नोंद केली. काढलेला प्रत्येक कपॅसिटर चिठ्ठी लावून एका डब्यात आहे, आणि तो डबा संचाबरोबरच जाईल. झाकणाच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवली आहे: भागाचा क्रमांक, मूळ मूल्य, मेगरवर काय दिसलं, नवा कुठला घातला, तारीख. फिल्मचे कपॅसिटर दीर्घकाळ टिकतील. नवे इलेक्ट्रोलिटिक मात्र वीस-तीस वर्षांनी पुन्हा बदलावे लागतील, म्हणून यादीत त्यांच्यापुढे तांबडी खूण आहे.